सॉरी म्हणायचं नाही

माझा नवरा खटल्यातून सुटला त्याला वर्ष होत आलं, तरी भांडी घासताना अजून कधी कधी मला एकदम हायसं वाटतं आणि मी नळ बंद करून नुसती उभी राहते.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला ऑफिसातून घरी येताना त्याच्या गाडीपुढे बाजूच्या गल्लीतून अचानक एक सायकलवाला आला. धडक बसली, त्याचा पाय मोडला. अँब्युलन्स येईपर्यंत नवरा त्याच्याजवळ गुडघे टेकून, हात जोडून "सॉरी, सॉरी" म्हणत राहिला. कुणीतरी ते फोनवर टिपलं. धोकादायक ड्रायव्हिंगचा खटला उभा राहिला आणि सरकारी वकिलांचा सगळा भर त्या सॉरीवर. दोषी ठरला असता तर तुरुंग, शिवाय नोकरी आणि व्हिसाही गेला असता.

मी ऑफिसात प्रेझेंटेशन्स देणारी बाई. समोरच्याला पटवायचं कसं, यावरचे तासन्तास व्हिडिओ पाहून मी घरीच शिकवणी सुरू केली. ज्युरीकडे बघ. उत्तर छोटं दे. आणि काही झालं तरी सॉरी म्हणायचं नाही. एकदा त्याच्या हातून आमटी सांडली आणि तो सॉरी म्हणाला, तर मी डाव आपटला होता.

साउथहॅम्प्टनच्या कोर्टात तो साक्षीला उभा राहिला. शपथ वाचायचं कार्ड द्यायला आलेल्या कोर्टातल्या बाईंचा पाय चुकून त्याच्या बुटावर पडला. लगेच याने त्यांच्या बाहीला हात लावला, तो स्वतःच्या छातीला लावला आणि बारा ज्युरर्ससमोर म्हणाला, "सॉरी!" पाय लागला की नमस्कार, ही लहानपणापासूनची सवय. मी गॅलरीत कपाळावर हात मारून घेतला. पाच महिन्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

पुढे सरकारी वकिलांनी विचारलंच, चूक तुमची नव्हती तर माफी का मागितलीत?

पढवलेलं उत्तर तो विसरलाय, हे मला चेहऱ्यावरून कळलं. मग म्हणाला, "मघाशी या मॅडमचा पाय माझ्या पायावर पडला, तेव्हाही मीच सॉरी म्हणालो."

त्या बाई लाल झाल्या. ज्युरीतल्या एका आजोबांनी मान खाली घालून हसू दाबलं. या देशातही ज्याच्या पायावर पाय पडतो तोच सॉरी म्हणतो, हे मला तेव्हा कुठे सुचलं.

निकाल आला, निर्दोष. ज्युरीला नेमकं काय पटलं, ते इथे कुणी विचारायचं नसतं आणि त्यांनी सांगायचं नसतं. रस्त्यावरच्या ब्रेकच्या खुणा असतील, नाहीतर तो बुटावरचा पाय. मला कळलं नाही तरी चालेल.

आम्ही पार्किंगमध्ये आलो. तो म्हणाला, "ऐनवेळी सगळं ब्लँक झालं बघ. तू इतकं प्रिपेअर केलं होतंस. सॉरी हं."

मी रडायलाच लागले. अपघाताच्या दिवशी तो घरात आला तेव्हा, पोलिसांच्याही आधी, मीच त्याला विचारलं होतं, "तुझी चूक नव्हती तर सॉरी का म्हणालास?" "आपोआप तोंडून गेलं," हे त्याचं उत्तर मला पटलं नव्हतं. त्या बाईंचा पाय पडेपर्यंत पटलं नव्हतं, आणि तरी पाच महिने मी त्याला पढवत होते. हे सगळं मी त्याला तिथेच सांगून टाकलं आणि सॉरी म्हटलं.

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "त्या बारा जणांचं टेन्शन नव्हतंच गं."