अण्णांच्या हाताचा वास

दिपालीचे वडील हनुमंतअण्णा नेवाशाजवळच्या गावात ग्रामपंचायतीचे पाणीवाले होते. नेवाशाच्या मंदिरातल्या माउलींच्या खांबाला मनातल्या मनात हात जोडायचे आणि मगच विहिरीवर जायचे. बादलीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची पावडर कालवायची, वरची निवळी विहिरीत सोडायची. जेवताना हाताला तोच उग्र वास. दिपाली नाक मुरडायची, तर म्हणायचे, "हा वास हाय म्हणून घरात कुनाला हगवन न्हाई." बायका मात्र चहा बिघडतो म्हणून अण्णा यायच्या आधीच हंडे भरून न्यायच्या!

आता अण्णा शहरात, सावेडीत लेकीकडे राहतात. मागच्या मोठ्या तापात त्यांना वास येणं बंद झालं, ते परत सुरू झालंच नाही.

दिपाली कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन काढते. गावातच क्लोरीन तयार व्हावा, पावडरीच्या गाडीची वाट बघायला लागू नये, एवढंच तिचं मागणं. पण त्यासाठी पाण्यात बुडवायला लागणारी धातूची पट्टी महाग. म्हणून ती कार्बनवर प्लॅटिनमचे अगदी थोडे अणू बसवते. दोन पट्ट्या भट्टीतच वाया गेल्या. तिसरीही गेली तर नेहमीचीच महागडी पट्टी घ्या, असं सरांनी बजावलं होतं. मग गावाला कुठून परवडणार?

तिसऱ्या पट्टीच्या दिवशी ती अण्णांनाच प्रयोगशाळेत घेऊन गेली.

"बिघडतं काय पन त्यात?"

"तापवलं की अणू एकमेकांना चिकटून गोळा होतात, अण्णा. आतले नुसते बसून राहतात, काम वरच्यांनाच. म्हणून या खेपेला प्रत्येकाला नायट्रोजनची वेगळी बेचकी करून दिलीय. सुटा बसला की प्रत्येक जण राबेल."

"म्हंजी कांद्याच्या लागवडीगत!" अण्णा खदखदून हसले. "अन् तू गं? चार-चार रोपं एका भोकात कोंबायचीस, घरी पळायची घाई! तुझी आई मागनं उपटत यायची."

"तेच फेडतेय आता," दिपाली म्हणाली. आईची पदर खोचलेली पाठमोरी आकृती क्षणभर डोळ्यांपुढच्या वाफ्यात उभी राहिली.

तिनं पट्टी मिठाच्या पाण्याच्या भांड्यात सोडली, डोळे मिटून हात जोडले, बटण दाबलं. काळ्या पट्टीवर बारीक बुडबुडे धरले. पण बुडबुडे काय, नुसत्या ऑक्सिजनचेही येतात. थोड्या वेळानं तिनं त्यातलं पाणी साध्या पाण्यात मिसळलं आणि नळी अण्णांच्या हातात दिली. क्लोरीन असला तर पाणी पिवळं करणारे ओटीचे थेंब त्यांनीच टाकावेत, पूर्वीसारखे.

अण्णांनी थेंब टाकले, नळी उजेडाला धरली. पाणी तसंच राहिलं, राहिलं... आणि हळदीच्या बोटासारखं पिवळं झालं.

"पावला गं देव!"

सवयीनं त्यांनी भांड्याजवळ नाक नेलं, आणि आठवण होऊन मागं घेतलं.

"दिपे, वास येतोय का?"

"येतोय अण्णा."

"कसा?"

तिनं त्यांचा रिकामा हात धरून आपल्या गालाला लावला. "तुम्ही विहिरीवरून यायचात ना, तसा."