टॅमसिन कर्नोनं माफी नाकारली त्याची हकीकत

टॅमसिन कर्नो आमच्या समुद्री चाच्यांच्या टोळीत आली तेव्हा बासष्ट वर्षांची होती. त्याआधी एकतीस वर्षं तिनं बंदरावरच्या शेडमध्ये उकडलेल्या खेकड्यांचं मांस काढलं होतं. नांगी फोडायची, टोकदार सुरी आत घालायची, आणि एकही कवचाचा तुकडा न येता अख्खं मांस बाहेर काढायचं. गावात म्हणत, टॅमसिननं भरलेल्या डब्यात कवच सापडलं तर समजावं, ती त्या दिवशी सुट्टीवर होती. मग एका डिसेंबरात शेड बंद झाली. व्यवस्थापक ट्रेगिअरसाहेबांनी चौदा बायकांना एका ओळीत उभं करून कागद वाचून दाखवला आणि प्रत्येकीला कंपनीचं चित्र असलेला एक टॉवेल दिला. टॅमसिननं त्याच दिवशी त्या टॉवेलानं शेवटचं टेबल पुसलं आणि तो तिथंच ठेवून ती घरी गेली.

मी चोवीस वर्षं पोर्थवेनमध्ये औषधांचं दुकान चालवतो, आणि त्यातली अकरा वर्षं टोळीचा ढोलवाला आहे. इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या ह्या किनाऱ्यावर प्रत्येक दुसऱ्या गावात अशी एखादी टोळी असते. जुलैतल्या एका शनिवारी आम्ही सन सतराशे वीसचे चाचे होतो, धक्क्यावर राजाच्या आरमाराशी लढतो, हरतो, आणि आमचा कप्तान फासावर जातो. बाकी वर्षभर कपडे शिवतो, तलवारी घासतो आणि भांडतो.

फेब्रुवारीत चॅपलच्या हॉलमध्ये तालीम चालू होती तेव्हा टॅमसिन दारातून आत आली, छत्री झटकली आणि म्हणाली, "कप्तान कोण तुमच्यात?"

डेन्झिल पुढं झाला. डेन्झिल एरवी नळदुरुस्तीची कामं करतो. दाढी मात्र त्याची खरी आहे.

"मी. काय गं टॅमसिन, काय पाहिजे?"

"यायचंय तुमच्यात."

"ये की! बायका कमीच आहेत. गुत्त्यातली बाई होतेस, की धक्क्यावर रडणारी बायको?"

"मला तोफ पाहिजे."

हॉलमध्ये हशा पिकला. आमची तोफ लहानशीच, चाकांच्या गाड्यावर बसवलेली. पण तिची दारू खरी असते. त्यासाठी पोलिसांचा परवाना लागतो, कित्येक महिन्यांचं शिक्षण लागतं. शिवाय तोफेवर आजवर बाई नव्हती. असा नियम काही नव्हता. पण तशी वेळच कुणी आणली नव्हती.

"हे बघ बाई," डेन्झिल समजुतीनं म्हणाला, "आमच्यात नव्या माणसानं पहिल्या वर्षी मरायचं असतं. लढाईत पडायचं, गप पडून राहायचं. मीसुद्धा मेलोय, हा ढोलवालासुद्धा मेलाय. तोफबिफ नंतर."

टॅमसिननं विचारलं, "किती वाजता मरायचं?"

"साडेतीनला."

"ठीक आहे. आणि परवान्याचा अर्ज कुठं मिळतो?"

एवढं बोलून तिनं छत्री कोपऱ्यात ठेवली आणि मरणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

कपड्यांच्या बाबतीत आमची टोळी भलतीच कडक. चेन नको, प्लास्टिकचं बटण नको, मशीनची शिवण नको. डेन्झिलची बायको रूथ प्रत्येकाचे कपडे उलटे करून तपासते. टॅमसिननं जुन्या शिडाच्या कापडाची विजार आणि कोट शिवून आणला. रूथनं शिवण बघितली आणि मान हलवली.

"ही मशीनची आहे."

"हाताची आहे."

"इतके सारखे टाके हातानं पडत नाहीत, बाई."

टॅमसिननं सुई-दोरा काढला, स्वतःच्या रुमालाची कड दुमडली आणि रूथच्या नाकासमोर वीतभर शिवण घालून दिली. रूथनं ती खिडकीजवळ नेऊन बघितली. दुसऱ्या आठवड्यात रूथ स्वतःचा फाटलेला कोट घेऊन टॅमसिनच्या घरी गेली, असं मागाहून कळलं.

मरणं मात्र तिला काही केल्या जमेना. बंदुकीचा बार झाला की बाकीचे धाडदिशी कोसळत. टॅमसिन आधी मागं बघून जागा स्वच्छ आहे का ते पाही, मग एक हात टेकून हळूच आडवी होई, दुपारची वामकुक्षी घ्यावी तशी.

"टॅमसिन!" डेन्झिल ओरडे, "तुला गोळी लागलीय गोळी!"

"लागली ना. दिसतंय मला."

"मग पड की!"

"पडतेच आहे. घाई काय आहे? मरायला कुणी घाई करतं का?"

चार तालमी झाल्यावर डेन्झिलनं हात टेकले. म्हणाला, तू मरू नकोस, तू कैद्यांत उभी राहा. लढाईनंतर आरमाराचा अधिकारी राजाचा जाहीरनामा वाचतो: जो गुडघे टेकून माफी मागेल त्याला जीवदान. सगळे कैदी गुडघे टेकतात, एकटा कप्तान नकार देतो आणि फासावर चढतो. "तुला फक्त गुडघे टेकायचेत," डेन्झिल म्हणाला. "एवढं तर जमेल?"

टॅमसिन म्हणाली, "बघू."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आरमाराचा तो अधिकारी म्हणजे ट्रेगिअरसाहेब. पंधरा वर्षं तेच ती भूमिका करत होते. निळा कोट, सोनेरी कशिदा, सगळं स्वखर्चानं केलेलं, आणि दिसायचेही उमदे. शेड बंद झाल्यावर तिथं समुद्राकडं तोंड करून सुट्टीवाल्यांसाठी घरं बांधायचं ठरलं होतं, त्याचंही काम तेच बघत होते. तालमींना ते कमीच येत; भूमिका पाठ होती. त्यामुळं ते आणि टॅमसिन तिथं समोरासमोर आले नव्हते.

मी तिला एकदा दुकानात विचारलं, "तू त्यांच्यासाठी तर आली नाहीस ना आमच्यात?"

"कुणासाठी? ट्रेगिअरसाठी?" तिनं खोकल्याची बाटली पिशवीत टाकली. "मी तोफेसाठी आले, ढोलवाल्या. एकतीस वर्षं आवाज न करता काम केलं. आता जरा आवाज करावासा वाटतो."

जुलैतला शनिवार उजाडला. ऊन लख्ख होतं, धक्का माणसांनी भरून गेला होता, आणि समुद्रपक्षी नेहमीप्रमाणं लोकांच्या हातातल्या गरम पेस्टींवर, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांवर, झडप घालत होते. शेडमधल्या जुन्या बायका भिंतीवर ओळीनं बसल्या होत्या. त्यांत ग्लेनिस होती, टॅमसिनच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं काम केलेली. लढाई झकास झाली. मर्व्हिननं, आमच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या तोफचीनं, चार बार काढले. मग आम्ही हरलो. बावीस कैद्यांना धक्क्यावर रांगेत उभं केलं. मी फासाच्या खांबाखाली ढोल घेऊन उभा राहिलो. माझं काम असं, की डेन्झिल वर चढला आणि साहेबांनी खूण केली की ढोल घुमवायचा आणि ढोल थांबला की त्यानं लटकायचं. त्याच्या कोटाखाली पट्टे असतात, धोका काही नसतो.

ट्रेगिअरसाहेबांनी कागद उलगडला. त्यांच्या कॉलरला छोटा माईक होता. "राजाची दया अपार आहे," त्यांचा भरदार आवाज धक्काभर घुमला. "जो गुडघे टेकेल त्याला क्षमा!"

कैदी एकेक करत खाली बसले. टॅमसिन उभी.

साहेबांनी पुन्हा वाचलं. ती उभीच. मग ते दोन पावलं पुढं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "टॅमसिन, खाली बस." माईक चालू आहे हे ते विसरले होते. ते शब्द भिंतीवरच्या बायकांपर्यंत गेले, होड्यांपर्यंत गेले.

"नाही," टॅमसिन म्हणाली.

"गुडघे दुखतायत का तुझे? नुसती वाक थोडी. लोक बघतायत."

"गुडघे माझे ठणठणीत आहेत, साहेब. एकतीस वर्षं तुमच्या टेबलाशी उभी होते. पाय सुजले तेव्हा आम्ही बसायला स्टुलं मागितली होती. तुम्ही म्हणालात, उभ्यानं हात लवकर चालतो. उभं राहायची सवय तुम्हीच लावलीत. आता मला खाली बसता येत नाही."

ती मोठ्यानं बोलली नाही. पण माईक तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता.

बाहेरगावच्या लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. गावच्यांना कळलं, हे नाटकातलं नाही. ग्लेनिस भिंतीवरून उतरली, दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शिट्टी मारली की होड्यांवरचे पक्षी उडाले. "उभी राहा टॅमसिन!" ती ओरडली. "उभी राहा गं बाई!"

साहेबांचा चेहरा लाल झाला होता. पण माणूस कच्चा नव्हता. त्यांनी आवाज चढवला. "माफी नाकारणाऱ्याला एकच शिक्षा! फास!"

"चला मग," असं म्हणून टॅमसिन स्वतःच खांबाकडं चालायला लागली. डेन्झिल ठरल्याप्रमाणं नकार देऊन आधीच वर चढला होता. तो वाकून तिला म्हणाला, "अगं, फास माझा आहे! दोरी एकच आहे!"

"सरक जरा," ती म्हणाली आणि पायऱ्या चढून त्याच्या शेजारी उभी राहिली.

तेवढ्यात खाली कैद्यांमध्ये म्हातारा मर्व्हिन उठून उभा राहिला. नंतर तो सांगत होता, की त्याला फक्त पायात गोळा आला होता. असेलही. पण त्याच्या पाठोपाठ रूथ उठली, मग गुत्त्यातल्या दोन बायका, मग सगळेच. अकरा सैनिक आणि एकवीस उभे चाचे समोरासमोर, आणि मध्ये हातात कागद धरलेले ट्रेगिअरसाहेब.

त्यांनी माझ्याकडं बघून खूण केली. ढोल वाजव. मी टिपरू उचललं. वर टॅमसिनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती; समुद्राकडं बघत होती, वाऱ्यानं तिचे पांढरे केस उडत होते. मी टिपरू पट्ट्यात खोचलं आणि हाताची घडी घातली. ढोल नाही म्हणून डेन्झिल लटकला नाही. त्या वर्षी पोर्थवेनमध्ये कुणालाच फाशी झाली नाही. लोक टाळ्या वाजवत राहिले आणि साहेब कागद दुमडून आपल्या गाडीकडं निघून गेले.

सोमवारी संध्याकाळी सगळ्या टोळीची बैठक बसली. ट्रेगिअरसाहेब साध्या कपड्यांत आले होते आणि खरं सांगायचं तर बरेच थकलेले दिसत होते. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं: बाईनं जाहीर माफी मागावी, नाहीतर तिला काढावं. "मीही त्या शेडमध्ये नोकरच होतो," ते म्हणाले. "बंद करण्याचा निर्णय माझा नव्हता. माझ्यावर इथं, खेळात, सूड कशाला?"

"शेड तुम्ही बंद केलीत असं मी म्हटलंच नाही," टॅमसिन म्हणाली. "मी स्टुलांचं म्हटलं. ती कुणाच्या निर्णयानं दिली नाहीत?"

साहेबांनी डेन्झिलकडं बघितलं.

डेन्झिलची पंचाईत झाली. दोन्हीकडच्या घरांचे नळ तोच बघतो. तो म्हणाला, "टॅमसिन, आपण इतिहास दाखवतो. इतिहासात चाच्यांनी माफी घेतली होती."

"सगळ्यांनी?"

"बहुतेकांनी."

"मग मी उरलेल्यांतली," टॅमसिन म्हणाली. "आणि माफीचं काय विचारताय? माफी मागायची तर मी शनिवारीच मागितली असती. तेव्हा निदान फुकटात जीव वाचत होता."

ह्यावर मर्व्हिन इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग मतं घेतली. सतरा तिच्या बाजूनं, चौदा विरुद्ध. पण त्या चौदांची समजूत काढायला असं ठरलं, की ऑगस्टमध्ये शेजारच्या गावच्या खेळात तिनं भाग घ्यायचा नाही. ट्रेगिअरसाहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "टॅमसिन, ते स्टुलांचं मला खरंच आठवत नव्हतं."

"मला आठवतं, रेजिनल्ड," ती म्हणाली. एकतीस वर्षांत तिनं त्यांना नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. त्यांनीही बहुधा ऐकली नसावी. ते दार ओढून घेऊन गेले. पुढं ते खाडीपलीकडच्या, आरमाराचे खेळ करणाऱ्या संघात गेले. तिथं ते आता मोठ्या हुद्द्यावर आहेत असं ऐकतो.

ऑगस्टच्या खेळाला टॅमसिन प्रेक्षकांत बसली. पूर्ण वेशात. कुणी काही म्हणालं नाही. सप्टेंबरपासून ती दर रविवारी मर्व्हिनकडं जाऊन तोफ शिकायला लागली. नळी कशी पुसायची, दारूची पुडी कशी उतरवायची, दारू ठासायचा गज कुठल्या हातानं धरायचा म्हणजे बोटं शाबूत राहतात. मर्व्हिन सांगतो, की त्यानं पन्नास वर्षांत इतके सावध हात बघितले नाहीत. परवान्यासाठी पोलीस घरी येऊन दारू ठेवायचं कपाट तपासून गेला. त्यानं विचारलं, ह्या वयात दारूगोळा कशाला हवा? ती म्हणाली, ह्या वयातच हवा.

शेड वाचली नाही. तिथं आता सहा घरं आहेत, काचेच्या मोठ्या खिडक्यांची, आणि हिवाळाभर त्यांत दिवा लागत नाही. ग्लेनिसला तिथंच साफसफाईचं काम मिळालं. ती ते करते आणि रोज शिव्या घालते.

पुढच्या जुलैत टॅमसिननं पहिला बार काढला. माझ्या दुकानाच्या काचा थरथरल्या, आणि धुरातून तिचा काळा झालेला चेहरा बाहेर आला तेव्हा ती लहान मुलीसारखी दात दाखवून हसत होती. जाहीरनाम्याचा प्रसंग आम्ही ठेवला आहे; आता गावचा दंतवैद्य तो वाचतो. फक्त किती जणांनी गुडघे टेकायचे ते आम्ही आधी ठरवत नाही. गेल्या वर्षी नऊ जणांनी टेकले. का टेकले, का नाही टेकले, ते कुणी कुणाला विचारत नाही.