एक कमी पडतोय

"एक नाही, दोन नाही, तीन नाही..." उजवा हात कोटाच्या खिशात, नजर समोरच्या माणसांवर आणि ओठांत हे पुटपुटणं. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, दारात काकांना असं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा कुणाशी तरी भांडायच्या तयारीत आहे.

"माणसं मोजू नयेत गो," त्यांनी मला समजावलं. "म्हणून 'नाही' म्हणत मोजायचं. दहा पुरुष भरले की पुरी प्रार्थना. नऊच आले तर अर्धीमुर्धी."

काका डब्लिनमधले आमचे शेजारी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. काकू नर्स म्हणून इथे आल्या, त्यांच्या मागोमाग काका आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी टॅक्सी चालवली. पण त्यांचा खरा धंदा एकच, दहावा माणूस गोळा करणं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याला पाहून लोक पडदा ओढून घेतात.

शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस: फोनला हात लावायचा नाही, गाडी चालवायची नाही. मग काका पायी निघायचे आणि घरोघरी दारं वाजवायचे. "चला, एक कमी पडतोय!" एकाने आतूनच ताप आल्याचं सांगितलं. "मग तिथे येऊन झोप," काका म्हणाले, "झोपलेलाही धरतात."

त्या दहांतला एक तरुण डॉक्टर दूर खेड्यापाड्यांकडच्या मलिंगारच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून शहर सोडून गेला. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. "तिथे काय गाईंना घेऊन प्रार्थना करणार?" असं माझ्यासमोर चार वेळा म्हणाले. घरी नवसाचं मलिद्याचं ताट केलं की मात्र त्याच्या वाटणीचे गोड पोहे काकू वेगळे काढायच्या आणि काका ते पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

मग दोन हजार वीस साल उजाडलं, कोरोना आला आणि सिनेगॉगला कुलूप लागलं. कुणीतरी सुचवलं, झूमवर जमू. काका असे भडकले की काकूंनी खिडकी लावून घेतली. "त्या डब्यात मुंडकी दिसतात. मुंडकी! माणसं कुठायत?" शनिवारी ते तरीही चालत निघायचे. दार वाजवायची सोय नव्हती, म्हणून फाटकाबाहेरूनच हाक मारायचे, "जिवंत आहेस ना? मग ग्रँड!" ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. तेव्हा मी हसायचे.

एकवीसच्या जानेवारीत काकांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात काकूंना आत सोडलं नाही. ज्या बाईने या देशात आयुष्यभर दुसऱ्यांच्या नवऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, तिला स्वतःचा नवरा गेल्याची बातमी फोनवर कळली. मुलगी मेलबर्नला, विमानं बंद. मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती आणि कुणाच्या वाजवायची ते कळत नव्हतं.

मी काकूंना गाडीने दफनभूमीवर नेलं. फाटकावरच्या माणसाने हळू आवाजात सांगितलं, नियमाने आत दहाच जणांना जाता येईल. तो सभ्यपणे बोलत होता म्हणून मला जास्तच राग आला. मी बाहेर थांबणार होतेच. आत नऊ पुरुष उभे होते. दहाव्या काकू.

तेवढ्यात एक चिखलाने भरलेली गाडी येऊन थांबली आणि मलिंगारचा डॉक्टर धावत उतरला. आतले नऊ जण वळून बघू लागले. काय ते सगळ्यांना कळलं होतं. काकू आत गेल्या तर पुरुष नऊच, आणि मयतासाठीची प्रार्थना होणार नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे निर्णय काकूंवर ढकलून मोकळे!

"मी नाही जात," डॉक्टर म्हणाला. "आंटी, तुम्ही जा."

"तू जा," काकू म्हणाल्या. "एक कमी पडतोय."

माझा तोल गेला. "काकू, तुम्ही बायको आहात त्यांची! अकरावं माणूस आत गेलं तर आभाळ कोसळणार आहे का? आणि तुम्हाला दहात का नाही धरायचं? यांतल्या निम्म्यांनी काकांना बघून पडदे ओढलेत!"

"गप बस गो," काकू म्हणाल्या. "ते आयुष्यभर याच्यासाठी लोकांची दारं वाजवत फिरले. आज त्यांच्याच वेळी अर्धीमुर्धी होऊ देऊ?"

डॉक्टर रडत आत गेला. फाटक लागलं.

काकू गजांपाशी उभ्या राहिल्या. उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि मास्कच्या आत त्यांचे ओठ हलू लागले. एक नाही, दोन नाही... शेवटच्या माणसापर्यंत त्या पोचल्या आणि त्यांनी मान डोलावली. त्या मोजणीत त्या स्वतः कुठेच नव्हत्या. नियम करणाऱ्यांचा मला राग आहे, प्रथेचा आहे, त्या खाली घातलेल्या मानांचाही आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आतून प्रार्थनेचा आवाज आला. पहिली ओळ संपली आणि काकूंनी "आमेन" म्हटलं. इतक्या मोठ्याने, की फाटकावरचा माणूस दचकून दोन पावलं मागे सरला.