दार लागलं की तीस सेकंद

नोकरी सुटली की माणूस कोड विसरतो, पँट्रीतले किस्से मात्र साठतच जातात! आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात अख्ख्या मजल्याला मिळून एकच मायक्रोवेव्ह. डबे पहाटे भरलेले, कंपनीच्या बसमध्ये पार गार झालेले. तो मायक्रोवेव्ह नसता ना, तर मी पहिल्याच महिन्यात राजीनामा दिला असता. खोटं नाही सांगत!

आमचे सीनियर कुलकर्णी. गरम केलेल्या अन्नात किरणं उरतात, यावर त्यांची नितांत श्रद्धा. म्हणून ते डबा गरम करून वीस मिनिटं खिडकीत ठेवायचे. किरणं निघून गेली की जेवायचे.

"अहो, तोवर गार होतं की! मग गरम कशाला करता?" मी विचारलं.

"कंपनीनं सोय दिली आहे. वाया का घालवायची?"

मग आला नागपूरचा वैभव. पहिल्याच दिवशी यानं स्टीलचा डबा आत सरकवला. आत नुसत्या ठिणग्या! दुसऱ्या दिवशी कुलकर्णींची पाटी लागली: 'स्टीलचा डबा आत ठेवू नये. हौसच असल्यास दिवाळीपर्यंत थांबावे.'

पाटीत अंड्याचा उल्लेख नव्हता. वैभवनं कवचासकट अंडं ठेवलं. ठ्ठो! मी धावत गेलो, तर हा केसांतला बलक पुसत म्हणतो, "स्टीलचं थोडीच होतं बे!"

अॅडमिनच्या मॅडम वर आल्या. "यापुढे एक तक्रार आली, की मायक्रोवेव्ह उचलणार. आणि बटण फक्त मामा दाबतील."

मामा म्हणजे पँट्री सांभाळणारे. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी त्यांची ज्वारी व्हायची. नियम म्हणजे नियम! दार लागलं रे लागलं, की मामा तीस सेकंद लावणार. आत काय आहे ते बघणार नाहीत.

एकदा माझा भात कडेनं वाफाळता आणि मध्ये बर्फ. मी म्हटलं, "मामा, हा आतून गरम करतो म्हणतात ना?"

"कोन म्हंतंय? कडंनं तापतंय, मधी गारच ऱ्हातंय. रोज बघतोय म्या."

आम्ही चार इंजिनियर यावर तासभर भांडलो. किरणं जेमतेम बोटाच्या पेराइतकी आत शिरतात, पुढं उष्णता आपली सावकाश सरकते. बरोबर निघाले मामाच!

आणि शेवटी कुलकर्णींनी तक्रार केलीच. 'दारातून किरणं गळतात.' मॅडम मायक्रोवेव्ह उचलायला दोन माणसं घेऊनच आल्या.

"आधी परीक्षा घ्या," कुलकर्णी म्हणाले. "मायक्रोवेव्ह बंदच ठेवायचा. आत मोबाईल ठेवून दार लावायचं आणि बाहेरून फोन करायचा. वाजला, तर गळतंय."

"ठेवा तुमचा."

"माझा नको. किरणं बसतात."

मॅडमनी वैतागून स्वतःचा नवाकोरा मोबाईल आत ठेवला, दार लावलं आणि भिंतीवरच्या फोनकडे वळल्या. मी मनातल्या मनात दगडूशेठला नारळ कबूल केला. सगळ्यांचे कान आतल्या मोबाईलकडे. तेवढ्यात मामा कप विसळून आले. दार लागलेलं दिसलं.

घुंऽऽऽ!

"मामाऽऽ!" मॅडम किंचाळल्या.

मामांनी शांतपणे हात पुसले. "घाबरू नका मॅडम. तीसच सेकंद लावलंय. मधी गारच ऱ्हातंय!"