पिठासारखी सावली

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाकळीखाली काचा भरणं. फोटोच्या काचा अंधारात भराव्या लागतात. आमच्याकडे अंधारी खोली नव्हती, वाकळ होती. वैशाखातली संध्याकाळ, आत आम्ही दोघं, मध्ये कॅमेऱ्याची लाकडी चौकट आणि घामाच्या धारा. काचेची मसाला लावलेली बाजू कोणती, हे तिला ओठ टेकवला की कळायचं. ओठाला किंचित चिकटली की तीच. बाहेरून शेजारीण ओरडली, "अगं, दिवेलागणीला काय चाललंय तुमचं वाकळीत?" ही आतून म्हणाली, "संसार करायलाव. झाला की सांगते." मला हसू आलं तर कोपर मारलं. "हालू नका. काच फुटंल. दोनच हायेत."

दोनच होत्या हे खरं. त्या वर्षी निजामाच्या मुलखात बाहेरून माल येणं बंद झालं होतं. मीठ आणि घासलेट मिळेना, तिथं फोटोच्या काचा कोण आणणार? रस्त्यावर रझाकारांच्या टोळ्या फिरायच्या. दिवस मावळायच्या आत लोक कड्या लावून घ्यायचे. परभणीच्या बाजारात माझं फोटोचं दुकान होतं. मी उर्दूच्या दोन इयत्ता शिकलेला माणूस, लिहिताना चुकलो तर चुकलो. दुकान माझं असलं तरी लोक तिला ओळखायचे. 'उजेडवाली' म्हणायचे तिला. नाव मी कधी घेतलं नाही, आता घेऊन काय करू?

गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या तोंडाकडं आधी बघतच नसे. आपला हात पालथा धरायची आणि जमिनीवर पडलेली त्याची सावली बघायची. "सावली सुरीसारखी पडली की फोटू न्हाई. पिठासारखी पडली की फोटू." सांडलेल्या पिठाची कड जशी नीट दिसत नाही, तशी सावली तिला पाहिजे असायची. तशी ती पडते दिवस उगवताना आणि मावळताना, तेवढाच वेळ. बाकी दिवसभर आमचं दुकान म्हणजे माणसं परत पाठवायची जागा. माझ्याकडे तिचे दोन फोटो आहेत. दोन्हींत ती खाली सावलीकडं बघतेय, माझ्याकडं नाही.

एकदा एक कापडवाले शेटजी भर दुपारी जरीची टोपी घालून आले. हिनं आपला हात पालथा धरून सावली बघितली आणि मान हलवली. "शेटजी, आता काढला तर डोळ्याच्या जागी दोन बिळं येतील."

"मला वेळ न्हाई बाई."

"मग बिळं घिऊन जा."

शेटजी माझ्याकडं वळले. "हिला घरात बशीव की रं."

मी म्हणालो, "घरात बसवली तर दुकानात कोन बसंल?" खरं सांगतो, मी एकटा असतो तर दुपारीच काढला असता. शेटजी फणफणत गेले आणि दिवस कलल्यावर मुकाट्यानं आले. तिनं त्यांना भिंतीकडं पाठ करून बसवलं, टोपी जरा मागं सरकवायला लावली, आणि मला म्हणाली, "आता घाई करा. सांजचा उजीड म्हंजी जोडा घातलेला पाव्हणा. त्याला बस म्हनायचं न्हाई, काय सांगायचं ते झटक्यात सांगायचं." सकाळच्या उजेडाला मात्र ती घाई करत नसे. तो वाढत जाणारा. त्याच्यापुढं ती माणसाला नुसती बसू द्यायची.

गोशातल्या बायका परक्या पुरुषापुढं बसत नसत. पाटलाचं घर असो की मुसलमान अंमलदाराचा जनाना, आत तीच जायची. त्या वर्षी दोन्हीकडची बोलावणी बंद झाली. कोणी कोणाला दारात घेईना. पूर्वी जिच्या पोरीला हिनं काजळ लावून कॅमेऱ्यापुढं बसवलं होतं, त्या बेगमेनं खिडकीचा पडदा ओढून घेतला. तेव्हा ही घरी येऊन चुलीपुढं नुसती बसली. "तोंडं तीच हायेत की वो," एवढंच म्हणाली.

आमच्या कॅमेऱ्याला बटण नव्हतं. भिंगावरची टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची. मऊ उजेडात जास्त वेळ मोजावं लागतं आणि तेवढा वेळ माणूस हलता कामा नये. मी आकडे मोजायचो. ती जात्यावरची ओवी म्हणायची, हळू आवाजात. दिवस उगवायच्या आधी अख्खी ओवी, सूर्याची कोर वर आली की अर्धी. तिच्या काचा माझ्यापेक्षा चांगल्या निघायच्या. ती म्हणायची, "आकडं आइकून मानूस ताठतं. ओवी आइकली की खांदं सोडतं."

झरीच्या थोरल्या पाटलीणबाई त्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, धाकटे पाटील, निजामाविरुद्धच्या चळवळीत होता आणि सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात लपून राहिला होता. गावात पाऊल टाकलं की धरला जाणार, हे पोरासोरांना ठाऊक. त्याचा निरोप आला: आईचं तोंड दाखवा, नाहीतर मी येतो. म्हातारीचा एकही फोटो नव्हता. त्यांचा गाडीवान उजेडवालीला न्यायला परभणीला आला.

मी म्हणालो, "झरीत पटकी हाय म्हनत्यात. वाट बी बरी न्हाई."

"मग म्हातारीला सांगू का, रोगराई सरू दे, मग मर म्हनून?"

"मी येतो."

"तुमी आलात तर म्हातारी तोंडावर पदर घेईल. मग पदराचा फोटू काढा."

त्याच संध्याकाळी वाकळीखाली त्या दोन काचा भरल्या, आणि सकाळी गाडीतल्या कडब्याखाली कॅमेरा दडवून ती गेली. दुसऱ्या दिवशी यायची ती आली नाही. मी वेशीपर्यंत जाऊन आलो, दोनदा भांडलो, एकदा नाक्यावरच्या शिपायाशी आणि एकदा घरातल्या मांजराशी. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी दाराशी आली. मी तोंड सोडणार, तेवढ्यात ती ओट्यावर बसून हसायलाच लागली.

"अवो, आइका तर. खोलीला पूर्वेचं एकच दार. म्हातारीला दारातल्या खांबाला टेकवलं. उजीड कसा, लोण्यावानी. टोपी काढली अन ओवीची पहिली ओळ म्हनली. तर म्हातारीनं दुसरी उचलली की!"

"म्हंजे?"

"गायला लागली! जलमभर जोडीनं दळलेली बाई ती. एकीनं म्हनली की दुसरीनं उचलायची. ती गप बसती व्हय? दम न्हाई अंगात, पर ओळ काय सोडली न्हाई."

"मग परत काढायचा तवाच."

"कसा? तवर ऊन उंबऱ्याच्या आत आलं, तिच्या मानेवर सुरी. सांजचं त्या खोलीत अंधार. म्हनून मुक्काम केला. आज सकाळी ओवी मनातच म्हनली. पहिली काच हालली. दुसरी चांगली हाय, तीच पाठवा."

एवढं बोलून तिनं पाणी मागितलं. तांब्या संपवला, दुसरा मागितला. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात काही राहिना. रात्री पायात गोळे यायला लागले. म्हणाली, "तिथल्या आडाचं पानी बरं नव्हतं." दवाखान्यातून कोणी आलं नाही. वैद्य आला, दाराबाहेरूनच पुडी देऊन गेला. दुसऱ्या दिवशी ऊन कललं तेव्हा ती गेली. आधी डोळे खोल गेले होते, आवाज गेला होता. शेवटी काय म्हणाली हे मला सांगता येणार नाही, कारण काही म्हणालीच नाही.

आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. तिला बसवली, कपाळाला भस्म लावलं, डाव्या हातात तिच्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं. पटकीचं मरण म्हणून चारच माणसं आली. दिवस मावळतीला टेकला होता आणि तिच्या तोंडावर तसाच उजेड होता, जो तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर पाडून घेतला. कोणीतरी मला म्हणालं, "फोटू काढून घे की रं." काच नव्हती. दोन्ही तिनं झरीला वापरल्या होत्या.

आमच्यात सुतक धरत नाहीत. सकाळी उजाडता उजाडता झरीचा गाडीवान दारात उभा राहिला. "उजेडवाली कुठं हाय?"

"पुरली काल."

तो ओट्याखालीच बसला आणि डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मी विचारलं, "म्हातारी?"

त्याला सांगावंसं वाटेना. शेवटी म्हणाला, "बसती झाली. काल पेज घेतली."

मी उठलो आणि आत गेलो. काचांची चौकट हातात घेतली. ती दगडावर आपटायची असं माझ्या मनात होतं, लपवत नाही. जी मरणार होती ती पेज पीत होती. बाहेरून गाडीवान म्हणाला, "वऱ्हाडात जानारा मानूस आज निघायलाय, मामा. फोटू न्हाई गेला तर धाकलं पाटील सोता येतील. पर ऱ्हाऊ द्या. तुमच्यावर हा परसंग. जातो मी."

"बस," मी म्हणालो.

स्वैपाकघराचं दार लावून घेतलं, फटीत लुगडं कोंबलं, कंदिलाला लाल कापड गुंडाळलं आणि दोन्ही काचा धुतल्या. दुसरी तिनं सांगितलं तशीच निघाली. गालावरची प्रत्येक सुरकुती मऊ, डोळे उघडे, सरळ बघणारे. काच वाळवली, छतावर नेऊन उन्हात कागदावर उतरवली आणि फोटो गाडीवानाला दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मग खिडकीत टेकवलेल्या पहिल्या काचेकडं बघितलं. "आन ही?"

"हालली हाय."

"मग टाकून द्या की."

"न्हाई."

धाकटे पाटील त्या वेळी आले नाहीत, हे मला पुढं कळलं. गाडीवान गेल्यावर मी पहिली काच उजेडाकडं धरली. खांब जागच्या जागी होता, लुगड्याच्या निऱ्या जागच्या जागी, मांडीवरचे दोन्ही हात स्थिर. फक्त म्हातारीचे ओठ पुसट झाले होते, कारण ते हलले होते. ती दुसरी ओळ गात होती. म्हणजे त्या घडीला माझी बायको पहिली ओळ म्हणून नुकतीच थांबली होती.