कावळे हाकायची ड्युटी

जाताना माणूस काहीतरी मोठं बोलून जातो, असा माझा समज होता. माझ्या बायकोनं, मंदानं, मला शेवटचं विचारलं ते एवढंच, "तांदळाचं पाणी बदललंत का?"

छातीत कळ आली म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा घरी फेण्यांचे तांदूळ भिजत होते. ते तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, नाहीतर नासतात. मी म्हटलं, "बदललं." तिनं विचारलं, "वास आला?" मी म्हटलं, "कसला वास?" "म्हणजे नाही बदललंत," असं म्हणून तिनं डोळे मिटले. आता माझं नशीब बघा… सांगितलेलं काम सांगितल्या दिवशी करण्याचा माझ्या संसारातला तो पहिलाच प्रसंग होता! फक्त तो आंबूस वास मला सोसत नाही, म्हणून नाक दाबून केलं होतं. हे सांगायला तोंड उघडलं, तोच नर्सबाईंनी भेटायची वेळ संपली म्हणून बाहेर काढलं. म्हटलं, जाऊ दे, उद्या सांगू. उद्या उजाडायच्या आत फोन आला.

तिला घरी आणलं त्या दिवशी बायकांनी रीतीप्रमाणे घरातलं शिजलेलं, भिजलेलं सगळं टाकून दिलं. तांदूळही गेले. ते पातेलं दारातून बाहेर जाताना मी पाहिलं, आणि "अहो, तेवढं राहू द्या" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले होते. पण बायको अंगणात निजलेली असताना जो नवरा तांदळाची चौकशी करतो, त्याला लोक काय म्हणतील, या भीतीनं गप्प बसलो. माझ्या बाजूचा तेवढाच एक साक्षीदार होता, तोही नाल्यात गेला.

आमचा उन्हाळा म्हणजे काय, हे भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळीच असं तापतं की नळाखाली हात धरला तर चहाची आठवण यावी. दुपारी लाइट गेली की गल्लीतले कापडाचे सगळे लूम एकदम थांबतात आणि त्या शांततेनं मी दचकून जागा होतो. मंदा मात्र तशी शांतता झाली की खूश. खिडकीवर ओलं लुगडं टाकायची, फरशीवर पाणी मारायची आणि कैरीच्या फोडींना तिखटमीठ लावून पाय पसरून बसायची. मी शाळेत कारकून होतो, तेव्हा सुट्टीत माझ्या अंगात सुधारणा संचारत. एका वर्षी नागपूरला लग्नाला गेलो आणि तिथला कूलर बघून भारावून तसलाच एक घेऊन आलो. आमच्या खाडीकडच्या दमट हवेत त्यानं घराचं न्हाणीघर केलं. पापड मऊ पडले, काडेपेटी पेटेना. मंदानं चार दिवस सोसलं आणि मग त्याच्या पोटात कांदे भरून ठेवले. "पाहुणा आहे नागपूरचा, उपाशी कशाला ठेवायचा?" म्हणाली. धामणकर नाक्यावरून मी ताडगोळे आणले की ते हमखास जून निघत. तिचं माहेर खारबावचं, ताडगोळ्यांत जन्म गेलेला. एक दाबून बघायची आणि मुद्दाम गावच्या बोलीत म्हणायची, "यो ताडगोला न्हाय हाय, यो दगड हाय. डोक्यात घाला कुनाच्या."

पण तिच्या उन्हाळ्याचा कळस म्हणजे फेण्या, आंबवलेल्या तांदळाच्या वाफवून वाळवायच्या पापड्या. आमच्याकडे हवेत सुताची रुई उडत असते. ती ओल्या फेणीवर बसली की फेणीला मिशा फुटतात. म्हणून ती फेण्या घालायची शुक्रवारी, लूमना सुट्टी असते तेव्हाच. एकदा ती माहेरी गेली असताना तिला चकित करावं म्हणून मी शेजारच्या काकूंकडून फेण्या उकडून आणल्या आणि भर बुधवारी गच्चीवर पसरल्या. संध्याकाळी आल्यावर तिनं एक उचलून उजेडात धरली. "एवढी मेहनत घेऊन गोधडी का केलीत?" त्यानंतर माझ्याकडे एकच ड्युटी उरली, काठी घेऊन कावळे हाकायची. तिथंही मी पेंगायचो, नाहीतर अर्धवट सुकलेल्या फेण्या स्वतःच खायचो. ती वर येऊन विचारायची, "कावळ्यांनी नेल्या त्या कळल्या, तुमच्या किती?" तरी सांगतो, जागा असेन तेव्हा मी इमानानं हाकलंय. आमच्या भागातले कावळे पिढ्यान्‌पिढ्या मला ओळखून आहेत.

हे भोवलं दहाव्या दिवशी.

नदीकाठी पिंड ठेवला. समोरच्या झाडावर कावळे भरपूर होते, पण एक खाली उतरेना. आमच्या मुलीचे दिवस भरत आलेले, ती सासरीच होती. मंदाचा भाऊ पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "बाय, पोरीच्या बाळंतपनाची काळजी करू नको, आम्ही हाव." कावळे हलले नाहीत. माझी थोरली बहीण, ताई, म्हणाली, "याला मी एकटा टाकत नाही गं, राहते इथं." तरी नाही. ऊन चढलं, गुरुजी घाम पुसू लागले. कुणी म्हणालं, इच्छा राहिली असेल काही. मला तर ठाऊकच होतं काय राहिलंय! शेवटी मी पुढे गेलो आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, "अगं, बदललं होतं पाणी. नाक दाबून बदललं, म्हणून वास नाही आला. देवाशपथ बदललं होतं." माझा आवाज भलताच चिरकला. माणसं माझ्याकडे बघत राहिली. मेव्हण्यानं माझा दंड धरला, "दाजी, सावलीत चला." झाडावरचा एक कावळा मान वाकडी करून माझ्याकडे बघत होता… उतरला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तोच पिंडाला टेकवला. विधी पार पडला म्हणाले. पण मला गवताच्या कावळ्याचं काय करायचंय? मला तिचं उत्तर हवं होतं.

सुतक फिटल्यावर मी तांदूळ भिजत घातले. ताई म्हणाली, "अरे, यंदा कसल्या फेण्या? कोण खाणार?" मी ऐकलं नाही. रोज पाणी बदललं आणि प्रत्येक वेळी पातेल्यावर वाकून तो वास छातीभर घेतला. दोनदा उलटी झाली. ताईनं मग डोळे पुसत मोदकपात्र काढलं आणि बडबडत का होईना, फेण्या उकडून दिल्या.

आता दर शुक्रवारी मी त्या गच्चीवर मांडतो. सुकून कडक झाल्यात, ऊन दाखवायची गरज नाही, तरी मांडतो. काठी घेत नाही. कावळे टाकीच्या कठड्यावर रांगेनं बसून माझ्याकडे बघत राहतात. त्यांचं तरी काय चुकलं? आयुष्यभर ज्यानं हाकलं, त्याच्या ताटात कोण चोच घालील? म्हणून मी जिन्यात येऊन दार ओढून घेतो आणि फटीला डोळा लावून उभा राहतो. पत्र्याखाली भट्टी पेटलेली असते, बनियन पिळून निघतं. लूम बंद असल्यानं खालचं सगळं ऐकू येतं. परवा ताईनं हाक मारली, "अरे, दोन वाजले, जेवायला ये! मरशील तिथं उकडून!"

मी हळूच म्हटलं, "थांब गं जरा… एक खाली उतरलाय."