आप्पांचा बिनसाखरेचा चहा

वीसेक वर्षांपूर्वीची थंडीतली सकाळ. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या घरी फॅमिली डॉक्टर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं बीपी तपासत होते... आणि आई नि मी त्या यंत्रातल्या पाऱ्याकडे डोळे लावून बसलो होतो.

बीपी खाली यायचं नावच घेत नव्हतं. गोळ्या बदलून झाल्या, मीठ तोडून झालं, तरी पायांवर सूज. त्या आठवड्यात तर आप्पांना जिनाही चढवेना. शेजारच्या काकांना याच बीपीने पॅरालिसिस झालेला... मी आतून पार हादरले होते.

"आयुर्वेदिक वगैरे काही चालू आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो, औषधं फक्त तुमचीच," आई म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. आमच्याकडे चहाला औषध कोण म्हणतं?

आप्पांना शुगर निघाल्यापासून चहाचं खातं आईने ताब्यात घेतलं होतं. पेपरच्या पुरवण्यांमधून तेव्हा हर्बल टीचं नुसतं पेव फुटलं होतं. पचनासाठी गवती चहा, सर्दीसाठी तुळस-आलं, वजनासाठी ग्रीन टी... दिवसभर आधण चढलेलंच!

"आजच ॲडमिट करू," डॉक्टर म्हणाले. आईचा चेहरा उतरला. पण घरी आलेला माणूस चहा न घेता जाणार म्हणजे काय! ती ओट्याकडे गेली. मला असा राग आला... इथे रिक्षा बोलवायची घाई आणि हिला चहा सुचतोय.

डॉक्टरांनाही शुगर होती, म्हणून तिने त्यांना आप्पांचाच चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि कपाकडे बघतच राहिले.

"वहिनी, साखर घातलीत?"

"नाही हो, ज्येष्ठमधाची पूड. यांच्या प्रत्येक चहात घालते. साखर बंद झाल्यापासून."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. ज्येष्ठमध घशाला चांगला, पण कधीमधी, थोडासा... रोज एवढा पोटात गेला की बीपी चढतं, सूज येते, पोटॅशियम कमी होऊन अंगातला जोर जातो, असं त्यांनी समजावलं. गवती चहा, तुळस खुशाल द्या, म्हणाले.

"म्हणजे मीच यांना..." आई म्हणाली.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम खरंच फार कमी निघालं. हॉस्पिटलात उपचार झाले, ज्येष्ठमध बंद झाला आणि हळूहळू बीपी ताळ्यावर आलं. आप्पा घरी आले... पण आई चहाच्या भांड्याला हात लावेना. स्वतःसाठीसुद्धा नाही. घरात सुतक असल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी आप्पांनी तिला समोर बसवलं.

"अगं, मला तो चहा पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. तू एवढ्या मायेने करायचीस, म्हणून प्यायचो."

आई अशी उसळली! "मग बोलायला काय झालं होतं तुम्हाला? तोंड नव्हतं?" भांडता भांडता ती ढसाढसा रडली. उठली, डोळे पुसले आणि गवती चहा टाकला.

डॉक्टरांचे उपकार तर आहेतच. पण त्या दुपारपासून आमच्या घरात नाही आवडला तर चहा सरळ परत जातो... आणि असा भरला कप परत आला की, निदान खरं सांगितलं म्हणून, आईचा जीव भांड्यात पडतो.